आधी कोण?

मराठी माणसाला रांग आवडत नाही. पण रांगेतला आपला नंबर मात्र त्याला प्राणाहून प्रिय असतो. काउंटरच्या आत बसून गेली वीस वर्षं मी हे बघतो आहे. कोणी पिशवी ठेवून नंबर लावतो, कोणी छत्री ठेवून. एक गृहस्थ तर "मी यांच्या मागे आहे" एवढं सांगून समोरच्या हॉटेलात वडासांबार खाऊन येतात आणि आल्यावर "मी यांच्या पुढे होतो" असं म्हणतात. एका वडासांबारात मागचा माणूस पुढे कसा जातो, हे आमच्या बी.कॉम.ला शिकवलेलं नव्हतं.

क्रमाचं हे शास्त्र शेवटी मला आमच्या भाच्याने शिकवलं. भाचा कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितो. त्याची कचेरी सीप्झमध्ये. १९७३ साली ही वसाहत उभी राहिली तेव्हा तिच्या नावात सांताक्रूझ घातलं आणि तिला वसवलं अंधेरी पूर्वेला. जिथे पत्त्यापासूनच वर्गवारीचा असा आनंद, तिथे बसून हा मुलगा दिवसभर वस्तू क्रमाने लावतो.

"मामा, आमच्यात सगळं ऑब्जेक्ट असतं," तो म्हणाला. "प्रत्येक ऑब्जेक्टजवळ स्वतःची माहिती असते आणि आपलं काम काय, हे त्याला ठाऊक असतं."

"म्हणजे आमच्या हेडक्लार्कसारखं?"

"नाही मामा. ऑब्जेक्टला काम सांगितलं की ते करतं."

मग त्याने मला 'सॉर्टेड कलेक्शन' म्हणजे काय ते सांगितलं. साधी गोष्ट आहे. एक पेटी. तिच्यात काहीही टाका, कोणत्याही वेळी टाका. ती आपली वस्तू पटकन योग्य जागी सरकवून घेते. पेटी केव्हाही उघडा, आतलं सगळं क्रमाने. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात 'स्मॉलटॉक' नावाची संगणकाची भाषा तयार झाली. तिची १९८० सालची आवृत्ती प्रसिद्ध आहे. तिच्यात नेमक्या याच नावाची पेटी आहे. तिची एक खोड ऐकून मात्र मी हातातला चहा खाली ठेवला. या पेटीला "हे सगळ्यात पहिलं घाल" असं सांगितलं, तर ती साफ नकार देते. हे करणं माझ्या कामात बसत नाही, असं उत्तर येतं. घालायचं असेल तर घाला, जागा मी ठरवीन! वशिल्याला मुळात खिडकीच नाही, अशी एक जागा या जगात आहे आणि तिथे आपल्याला खातं उघडता येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

"पण एवढा खटाटोप कशाला?" मी विचारलं. "सगळं एका गोणीत भरावं आणि लागेल तेव्हा शोधावं. आमच्या घरी असंच चालतं."

"गोणीत हजार नावं असली तर एक नाव शोधायला हजार वेळा हात घालावा लागेल. तीच नावं क्रमाने असली तर मधलं बघायचं. आपलं नाव त्याच्या अलीकडे की पलीकडे? एका प्रश्नात अर्धी यादी बाद. मग उरलेल्या अर्ध्याचं मधलं. हजारातलं कोणतंही नाव जास्तीत जास्त दहा प्रश्नांत हाती लागतं."

आमच्या घरी विजेचं बिल शोधताना मी पहिले दहा प्रश्न सौभाग्यवतींनाच विचारतो, आणि अकराव्याला उत्तर ऐवजी प्रतिप्रश्न येतो. असो.

या पेटीची सगळी मदार एका पंचावर असते. कोणत्याही दोन वस्तू समोर धरल्या की यातली आधी कोणती, एवढंच त्या पंचाने सांगायचं. उत्तरं तीनच: ही आधी, ती आधी, किंवा दोघी सारख्या. पण त्याने एकवचनी असायला हवं. अ हा ब च्या आधी आणि ब हा क च्या आधी असेल, तर अ हा क च्या आधी असलाच पाहिजे. ऐकायला सोपं आहे. पण कोणत्याही लग्नात मानपानाच्या वेळी हा नियम लावून बघा. जावयाचा मान मामांच्या आधी. मामांचा मान काकांच्या आधी. आणि काका तर वडीलधारे, त्यांचा मान जावयाच्या आधी! नारळ हातात घेऊन आपण गोल गोल फिरत राहतो. २०११ साली 'जावा' भाषेची सातवी आवृत्ती आली, तेव्हापासून ती असा पंच ओळखू आला की काम थांबवते आणि 'या तुलनेने कराराचा भंग केला आहे' अशा अर्थाचा निरोप देते. आपल्याकडे त्याच निरोपाला 'काका जेवल्याशिवाय निघून गेले' असं म्हणतात.

दुसरा नियम मला बँकेमुळे चटकन कळला. पेटीत बसलेल्या वस्तूचं नाव आत असताना बदलायचं नाही. का? एखाद्या खातेदार बाईंचं लग्न होतं आणि आपट्यांच्या त्या वैद्य होतात. आता फाईलवरचं नाव तेवढं कोणी बदललं आणि फाईल 'आ'च्या कप्प्यातच राहू दिली, तर 'व'मध्ये शोधणाऱ्याला ती सापडत नाही, आणि 'आ'मध्ये आता कोणी बघत नाही. फाईल आहे, पण नाही. यावर भाच्याकडचा उपाय असा, की वस्तू आधी जुन्या जागेवरून बाहेर काढायची, मग नाव बदलायचं, मग नव्या जागी घालायची. मी म्हटलं, "बाळा, याला आम्ही पाठवणी म्हणतो."

आता पंच कोण नेमला यावर माणसांची नशिबं कशी ठरतात, ते बघा. आपल्या बाराखडीत 'ळ' हा 'ह'च्या नंतर, आणि त्याच्याही नंतर 'क्ष' आणि 'ज्ञ'. पण युनिकोड नावाच्या ज्या तक्त्यात जगातल्या अक्षरांना क्रमांक दिले आहेत, त्यात 'ळ' बसला आहे 'ल'च्या शेजारी, 'व'च्या आधी. शाळेतल्या क्रमाने लावलं तर कावळे आधी आणि काळे नंतर. नुसत्या क्रमांकांवर विसंबलं तर काळे आधी आणि कावळे नंतर! शिवाय 'क्ष' हा तिथे 'क' आणि 'ष' असा जोडून लिहितात, त्यामुळे जन्मभर यादीच्या शेपटाला उभे असलेले क्षीरसागर एकदम कोल्हटकरांच्या मागे आणि खऱ्यांच्या पुढे येऊन बसतात. मराठीचा खरा क्रम संगणकाला वेगळा शिकवता येतो आणि शिकलेले संगणक तो पाळतातही. पण शिकवायचं कोणी? क्षीरसागर तर मुळीच शिकवणार नाहीत.

नावांचा घोळ कसा निस्तरावा, हे टपाल खात्याला विचारावं. एकाच नावाची गावं देशभर, पत्ते नाना लिप्यांत, आणि अक्षर डॉक्टरचं. यावर उपाय काढला तो श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल-तार खात्यातले हे वरिष्ठ अधिकारी संस्कृतचे कवी आणि नाटककार होते. त्यांचा सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन पोस्टाचे. धनादेशाच्या तळाशी जो नऊ आकडी क्रमांक असतो, त्यातले मुंबईचे पहिले तीन आकडे ४०० आहेत, तेही या पिन कोडवरूनच घेतलेले. मुलुंडची पश्चिम ४०००८० आणि पूर्व ४०००८१, अगदी सख्खे शेजारी. घाटकोपरची पश्चिम ४०००८६, पूर्व ४०००७७. आणि आमच्या बोरिवलीला पूर्व ४०००६६ तर पश्चिम ४०००९२. मध्ये एक पूल, पण अंतर सव्वीस! पश्चिमेचे लोक पूर्वेच्या लग्नाला उशिरा का पोचतात, ते आता कळलं.

हा झाला गमतीचा भाग. पण यादी कधी गंभीरही होते.

आमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. सभासद अठ्ठेचाळीस. नव्या इमारतीतल्या घरांची सोडत ज्या यादीवरून निघायची, ती कमिटीने कोणा हौशी तरुणाकडून संगणकावर आडनावांच्या क्रमाने करून घेतली आणि फलकावर लावली. टंकन सुबक, कागद चकचकीत. फक्त नावं एकोणचाळीस.

तिसऱ्या मजल्यावरच्या जोशी आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. यजमान जाऊन बारा वर्षं झाली. फलकापुढे उभ्या राहून त्यांनी यादी तीनदा वाचली, आणि संध्याकाळी प्लॅस्टिकच्या पिशवीत शेअर सर्टिफिकेट घेऊन आमच्याकडे आल्या.

"तुम्ही बँकेतले ना? मला एवढंच सांगा. यात माझं नाव नाही, म्हणजे मला घर नाही का?"

हसून सोडून देण्यासारखा हा प्रश्न नव्हता. यजमानांनी प्रॉव्हिडंट फंड मोडून ते घर घेतलं होतं. आजींचा हात पिशवीवरून निघत नव्हता.

रविवारी भाचा आला. प्रोग्राम मागवून घेतला आणि पाच मिनिटांत म्हणाला, "पंच फक्त आडनाव बघतोय." पहिल्या मजल्यावरचे जोशी आधीच आत बसले होते. आजी दारात आल्या. पंचाने दोन्ही आडनावं बघितली आणि 'दोघे सारखे' असा निकाल दिला. या जातीच्या पेटीत सारख्या वस्तू दोनदा घेत नाहीत. अशा वेळी ती ओरडत नाही, भांडत नाही. हळूच 'नाही' म्हणते, आणि ते 'नाही' ऐकायला कोणी बसलेलं नसतं. असे दोन जोशी, तीन पाटील, दोन शिंदे आणि दोन शहा मिळून नऊ कुटुंबं बिनआवाज घराबाहेर!

भाच्याने पंच बदलला. आधी आडनाव बघ, ते सारखं असेल तर नाव, तेही सारखं असेल तर खोली नंबर. खोली नंबर दोघांचा एक असूच शकत नाही, त्यामुळे 'दोघे सारखे' हा निकालच बंद. नवी यादी निघाली. आजींनी एकेका नावावर बोट ठेवत अठ्ठेचाळीस मोजली, आणि सतरावर बोट थांबलं ते बराच वेळ तिथेच होतं.

"आडनाव यांचं," त्या म्हणाल्या, "आणि नावही लग्नात सासूबाईंनी ठेवलेलं. म्हणजे एकूण खोली नंबरच काय तो माझा स्वतःचा." आणि पिशवीला गाठ मारून भाच्याला म्हणाल्या, "नव्या इमारतीत नंबर बदलेल, तेव्हा आधी मला बाहेर काढून मग आत घाल हो, नाहीतर सापडायची नाही."

आमचं सगळं बोलणं त्या स्वयंपाकघरातून ऐकत होत्या तर! भाचा म्हणतो, आजींना सीप्झमध्ये लगेच नोकरी मिळेल.