आश्रयदाता

बदलीच्या गावी सामानाच्या पेट्या उघडून होण्यापूर्वीच दारात दोन गृहस्थ हजर होतात आणि चहा संपण्याच्या आत आपण तेथील महाराष्ट्र मंडळाचे सभासद झालेले असतो, हा अनुभव परप्रांतात नोकरी केलेल्या मराठी माणसाला नवा नाही. पुढे हुद्दा वाढतो तसतशी मंडळाच्या अहवालातील आपली जागाही वर सरकत जाते. प्रथम साधारण सभासद, मग आजीव सभासद, मग हितचिंतक आणि अखेर आश्रयदाता! या शेवटच्या पायरीवर पोचलेल्या माणसाकडून कोणी कसल्याही कामाची अपेक्षा करीत नाही. त्याने देणगी द्यावी, गणेशोत्सवात पहिल्या रांगेत बसावे आणि आभारप्रदर्शनात आपले नाव योग्य स्थळी आले की नाही, एवढे पाहावे.

'आश्रयदाता' या शब्दाचा हाच अर्थ मनात धरून मी कोलकात्यातील आमच्या कचेरीत एका निराळ्याच मंडळाचा आश्रयदाता झालो. कचेरीत ज्यांना काही ना काही अपंगत्व होते अशा चौदा जणांनी ते काढले होते. आस्थापना शाखेतील एक अंध सहायक त्यांचा चिटणीस. तो एके दिवशी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "साहेब, आमच्या पाठीशी एक वरिष्ठ अधिकारी हवा." मी तत्काळ होकार दिला. अशा गोष्टीला नकार देणे शोभत नाही, आणि होकार देण्यास काही खर्चही येत नाही, असे मला वाटले.

पहिल्याच सभेत मी मनुष्याच्या इच्छाशक्तीवर अर्धा तास बोललो. कान गेल्यावरही संगीतरचना करणारा बेथोव्हेन आला, लुई ब्रेल आला. टाळ्या झाल्या. मग चिटणीस म्हणाला, "आता कामाच्या विषयांकडे वळावे का?" मी घड्याळाकडे पाहिले. मला दुसरी बैठक होती. मी निघालो.

पुढे दोन महिन्यांनी कचेरीत आगीच्या प्रसंगी इमारत रिकामी करण्याचा सराव झाला. भोंगा वाजला, नऊ मिनिटांत चारही मजले मोकळे झाले. सरावाची जबाबदारी माझ्याकडे होती. 'सर्व कर्मचारी सुखरूप बाहेर आले' असा शेरा लिहून मी नोंदवहीत समाधानाने सही केली.

दुसऱ्या दिवशी चिटणीस आला. त्याच्या हातात, मी अर्ध्यावर सोडून गेलो होतो त्या सभेचे इतिवृत्त होते. पहिलाच विषय असा : आग लागली असता उद्वाहक बंद राहणार, अशा वेळी चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीला जिन्यावरून कोणी आणि कसे उतरवावयाचे?

लेखा विभागातील ज्या बाईंना सारी कचेरी 'दीदी' म्हणते, त्या तिसऱ्या मजल्यावरील जिन्याच्या तोंडाशी बसून राहिल्या होत्या. टपाल शाखेतील बहिरा तरुण आपल्या मेजावर काम करीत होता. खोली रिकामी दिसली तेव्हा सगळे चहाला गेले असावेत, असे त्याला वाटले.

मी दीदींकडे गेलो. काय बोलावे ते सुचेना. त्याच म्हणाल्या, "साहेब, आपले भाषण मात्र फार चांगले झाले होते." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते.

मी नोंदवही मागवली, जुना शेरा खोडला आणि लिहिले : 'दोन व्यक्ती इमारतीतच राहिल्या. सरावाची आखणी सदोष होती, जबाबदारी माझी.' वरिष्ठांना हे रुचले नाही. आतापर्यंत निष्कलंक असलेल्या दप्तराला मी हाताने डाग लावला, असे त्यांचे म्हणणे. ज्या बैठकीत हा विषय निघाला तेथे त्या चौदांपैकी एकालाही खुर्ची नव्हती. मला होती. आश्रयदात्याचे काम काय, ते मला त्या दिवशी कळले. ज्या खोलीत त्यांना प्रवेश नाही त्या खोलीत त्यांचा कागद पोचवावयाचा, आणि तो टेबलावरून खाली पडू द्यावयाचा नाही.

तेथे एकाने नेहमीचा आक्षेप घेतला. "आपण सगळे एकच कुटुंब, मग यांचे वेगळे मंडळ कशाला?" मी म्हटले, "कुटुंबातसुद्धा आजीला जिना चढवत नाही म्हणून तिची खोली खालीच असते. ते तिला विचारल्याखेरीज कळत नाही."

ही कल्पना काही नवी नव्हे. अमेरिकेत रॉचेस्टर शहरात 1964 साली वांशिक दंगल उसळली. तेथेच मुख्यालय असलेल्या झेरॉक्स कंपनीचे प्रमुख जोसेफ विल्सन यांनी आपल्या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांचे म्हणणे ऐकण्यास सुरुवात केली, आणि 1970 साली त्या कर्मचाऱ्यांचे देशव्यापी मंडळ उभे राहिले. आपल्याकडे सार्वजनिक उद्योगांतील स्त्रियांचा मंच 1990 साली निघाला. अपंगत्वाविषयीचा 2016 चा कायदा तर एकवीस प्रकारची अपंगत्वे मानतो, सरकारी नोकरीत किमान चार टक्के जागा राखतो आणि प्रत्येक सरकारी कार्यालयाने तक्रारनिवारण अधिकारी नेमावा, असे सांगतो. पण कायदा माणसाला इमारतीच्या आत आणतो. आग लागल्यावर बाहेर कसे न्यावयाचे, हे त्या इमारतीतल्यांनीच ठरवावयाचे असते.

माझी दुसरी चूक पहिलीच्या उलट होती. पश्चात्तापाच्या भरात मी त्यांची सारी पत्रे स्वतः लिहू लागलो. आमच्या परिपत्रकांच्या प्रती म्हणजे कागदाची निव्वळ छायाचित्रे असत. अंधांसाठी मजकूर वाचून दाखविणारा संगणक त्यापुढे मुका होई. त्यावर मी एक जोरदार मसुदा तयार केला. चिटणीसाने तो ऐकून घेतला आणि म्हणाला, "साहेब, मसुदा आमचाच राहू द्या. चुका असल्या तरी. आपण फक्त तो पुढे सरकवा." नेता आतलाच असावा लागतो, बुटात खडा कोठे टोचतो, ते पायालाच ठाऊक.

मात्र त्या नेत्याचे हाल मी जवळून पाहिले. दिवसभर आस्थापनेचे काम, संध्याकाळी मंडळाचे. आणि त्याच्या शाखाधिकाऱ्याच्या लेखी हा सारा फावल्या वेळचा उद्योग! महिन्यातून दोन तास कचेरीच्या वेळात सभा घेण्याची परवानगी आणि वार्षिक अहवालात या कामाची नोंद, एवढ्या दोन गोष्टी मिळविण्यास मला आठ महिने लागले. माझ्या साऱ्या नोकरीत इतक्या थोड्यासाठी मी इतका भांडलो नसेन.

दोन वर्षांनी चिटणीसाने पद सोडले आणि दीदींना पुढे केले. मी त्याला थांबविण्याचा प्रयत्न केला. तो हसून म्हणाला, "साहेब, मी इथेच राहिलो तर मंडळ माझे होईल."

पुढे माझीही बदली झाली. कार्यभार सोपविताना किल्ल्या, नस्ती, थकीत प्रकरणे यांच्या यादीत मी एक कलम अधिक घातले : 'दिव्यांग कर्मचारी मंडळाचे पाठीराखे म्हणून काम. भाषण आवश्यक नाही.' नव्या अधिकाऱ्यांनी ते दोनदा वाचले आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "पहिली सभा शेवटपर्यंत बसा, बाकीचे ते सांगतील."

मी निघण्यापूर्वीच्या आठवड्यात पुन्हा सराव झाला. भोंग्याबरोबर भिंतीवरचे लाल दिवे लुकलुकले. टपाल शाखेतील तो तरुण सर्वांच्या आधी खाली आला. जिन्यावरून उतरविण्याच्या खास खुर्चीत बसून दोघा सहकाऱ्यांच्या मदतीने दीदी खाली आल्या. त्यांच्या हातात घड्याळ होते.

"अकरा मिनिटे," त्या म्हणाल्या. "दोन मिनिटे जास्त लागली."

मी नोंदवही घेतली. सही करण्यापूर्वी अंगणातील माणसे मोजली. मग चिटणीसाला म्हटले, "तूही एकदा यादी वाच, आणि प्रत्येकाला ओ देऊ दे."