आपल्याच विषाशेजारी

सोमवार, 8 जुलै
कोलिसिन ई2 बनवणारे ई. कोलाय जिवाणू आज प्लेटवर टोचले. जातभाईंना मारणारं हे विष म्हणजे एक प्रथिन. एक ई. कोलाय दुसऱ्याला वाढू देत नाही, हे 1925 मध्ये बेल्जियममधल्या लिएजच्या आंद्रे ग्राशियांनी प्रथम दाखवलं.

मंगळवार, 9 जुलै
ठिपके वाढले. क्लोरोफॉर्मच्या वाफेवर मारले आणि वर मऊ अगरचा थर ओतला. एका प्लेटवर साध्या ई. कोलायचा, दुसरीवर विष बनवणाऱ्या त्याच स्ट्रेनचा.

बुधवार, 10 जुलै
पहिल्या प्लेटवर दुधट थरात प्रत्येक ठिपक्याभोवती स्वच्छ गोल. खाली वर्तमानपत्र धरलं तर गोलातून अक्षरं वाचता येतात. दुसरीवर गोल नाहीच, थर थेट ठिपक्यापर्यंत दाटलेला. दोन्हीकडे विष तेच.

"मॅडम, यांना काहीच कसं होत नाही?" पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं. याच प्रश्नासाठी मी दरवर्षी हे प्रात्यक्षिक घेते.

विषाच्या जनुकाला लागूनच, त्याच प्लाझ्मिडवर म्हणजे डीएनएच्या छोट्या कड्यावर, उताऱ्याचंही जनुक असतं. विष तयार होताच उताऱ्याचं छोटं प्रथिन त्याला बिलगतं. विषाची डीएनए कापणारी जागा ते बुजवत नाही. तिच्या शेजारी असं बसतं, की डीएनएला जवळ येताच येत नाही. परक्या पेशीत शिरताना हा जोडीदार गळून पडतो आणि विष मोकळं होतं. त्याच स्ट्रेनच्या बहिणींच्या पेशीत मात्र उतारा आधीच तयार असतो, आत आलेल्या विषाला तो तिथंच धरतो.

शुक्रवार, 12 जुलै
ही पकड किती नेमकी! ई2 आणि ई9 ही विषं सख्ख्या भावंडांसारखी. तरी ई9 चा स्वतःचा उतारा त्याला जितका घट्ट धरतो, त्याच्या तुलनेत ई2 चा उतारा लाखो पटींनी सैल पडतो. प्रथिनांच्या जगात इतकी घट्ट मिठी फार थोड्या ठिकाणी सापडते.

शनिवार, 13 जुलै
एक गोष्ट मुलांना अजून सांगायची राहिली आहे. डीएनएला इजा झाली की वसाहतीतल्या थोड्याच पेशी विष बनवायला घेतात. ते बाहेर पडावं म्हणून पेशीचं आवरण फोडणारं आणखी एक प्रथिन त्याच बनवतात. उतारा जवळ असूनही त्या पेशी मरतात. वाचतात त्या शेजारच्या बहिणी.