किलोभराचं पिल्लू आणि त्याची आई

आठवड्यातून दोन तरी फोन येतात. "दादा, टीकप पॉम आहे का? पर्समध्ये मावेल एवढाच हवा." मी नाही म्हणतो. लोकांना वाटतं भाव खातोय. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

'टीकप' अशी जात नाही. अमेरिकन किंवा ब्रिटिश केनेल क्लबच्या यादीत ती सापडणार नाही. विकणाऱ्यांनी लावलेलं नाव आहे ते. अमेरिकन मानकात पॉमेरेनियनचं वजन ३ ते ७ पौंड, म्हणजे साधारण १.४ ते ३.२ किलो. ब्रिटिश मानक बघा: नर १.८ ते २ किलो, मादी २ ते २.५ किलो. मादी नरापेक्षा जड! मला यात मोठं शहाणपण दिसतं. पिल्लं तिलाच पोटात वाढवायची असतात ना.

माझ्याकडे दोन किलोच्या आतली मादी कितीही देखणी असली तरी मी लावत नाही. इवल्याशा मादीच्या पोटात एक-दोनच पिल्लं धरतात आणि तिच्या मानाने ती मोठी होतात. डोकं अडकतं. मग रात्री दोन वाजता सिझर. ओळखीतल्या एकाची दीड किलोची मादी अशीच टेबलावर गेली. पिल्लू वाचलं, आई नाही. पिल्लू 'दुर्मीळ साइझ' म्हणून चांगल्या किमतीला विकलं गेलं. आईचा हिशोब कुणी मांडला?

पिल्लांचंही सोपं नसतं. एक-दोन वेळचं खाणं चुकलं की साखर उतरते, पिल्लू थरथरतं, झटके येतात. काहींची टाळू भरत नाही. गुडघ्याची वाटी सरकते. सोफ्यावरून उडी मारली तरी पुढचा पाय मोडतो. काही ठिकाणी तर पिल्लू लहान नसतंच, पाच आठवड्यांचं असतं आणि दोन महिन्यांचं म्हणून खपवतात.

कायदा आहे बरं का. २०१७च्या केंद्राच्या नियमांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही, दीड वर्षाच्या आत मादी लावता येत नाही आणि तिच्या आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं घेता येत नाहीत. पण कमीत कमी वजन किती हवं, ते आपणच ठरवायचं.

म्हणून विनंती एवढीच. पिल्लू घ्यायला जाल तेव्हा "किती लहान राहील?" हे नका विचारू. आई दाखवा म्हणा. तिचं वजन विचारा, शक्य असेल तर समोर काट्यावर ठेवायला सांगा. नोंदणी क्रमांक मागा. आई दाखवायला टाळाटाळ केली, तर सरळ उठून या. गिऱ्हाईक उठून गेलं की धंदा सुधारतो.