गवताची बाब

गवत आपोआप उगवते, त्यासाठी सरकारने पैसा का खर्चावा, असा प्रश्न आमच्या कचेरीतील एका सहकाऱ्याने दुपारच्या चहाच्या वेळी केला आणि बहुतेकांनी माना डोलावल्या. आम्ही केंद्र सरकारचे कारकून. ‘खर्च’ हा शब्द कानी पडताच ‘कोणत्या शीर्षाखाली?’ असे विचारण्याची आम्हांस खोड. तेव्हा त्या प्रश्नाचा आम्ही थोडा पिच्छा पुरविला.

भिलाईत राहून गायरानाची चिंता करावी, हे कित्येकांस विनोदी वाटेल. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हापासून हे गाव पोलादाचेच. परंतु सुपेला, कोहका, खुर्सीपार, रिसाली ही आजच्या वस्त्यांची नावे मुळात खेड्यांची आहेत. आणि खेडे म्हटले की दैहान, म्हणजे सकाळी गावची बरदी जमण्याची जागा, आलीच. त्याच १९५९ साली मध्य प्रदेशची भू-राजस्व संहिता झाली. तिच्या कलम २३७ अन्वये जिल्हाधिकाऱ्याने चराईसाठी जमीन राखून ठेवावयाची. छत्तीसगड निराळे झाले तरी हे कलम राहिले. जमीन कागदावर राखली गेली. प्रत्यक्षात ती राखीत असे गावचा राऊत. अक्तीला, म्हणजे आपल्या अक्षय्यतृतीयेला, त्याची वर्षाची बोली ठरे आणि मोबदला धानात मिळे. सरकारी जमाखर्चात या माणसाची नोंद कोठेच नसे.

पुढे २०१९ च्या सुमारास राज्य सरकारने ‘नरवा, गरुवा, घुरवा, बारी’ या नावाने मोठा घाट घातला. गावोगाव गोठाणे झाली, शेजारच्या कुरणांस तारा लागल्या, आत नेपियर गवत लाविले गेले. २० जुलै २०२० रोजी, हरेलीच्या सणाला, शेणही दोन रुपये किलोने विकत घेतले जाऊ लागले. शहरी मंडळी या शेणखरेदीस हसली. आम्ही हसलो नाही. शेणाला भाव आला की गाईला चाऱ्याचा आणि चाऱ्याला जमिनीचा आधार लागतो, हे ध्यानात येत होते.

यातला पुष्कळसा पैसा रोजगार हमीतून आला. त्या कायद्याप्रमाणे खर्चाचे किमान ६० टक्के मजुरीवर जावयाचे. खड्डे खणले, खांब रोवले, की मोजमाप-वहीत आकडा बसतो. पण रोज काठी घेऊन उभा राहणारा माणूस कोणत्या घनफुटात मोजावा? नेपियर दीडदोन महिन्यांनी कापावे लागते, उन्हाळ्यात त्याला पाणी लागते. पंपाचे वीजबिल हे काही ‘निर्मिती’ नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये सरकार पालटले आणि ती योजना मागे पडली.

उतईच्या पलीकडील एका खेड्यात असे एक कुरण आम्ही पाहिले. खांब उभे होते, तार दोन ठिकाणी तुटली होती, आत गाजरगवत कमरेइतके वाढले होते. तेथला वृद्ध राऊत आम्हांस म्हणाला, “तार त लगा दिन बाबू, फेर रखवार कोन दिही?” आमच्या साऱ्या लेखाशीर्षांना पुरून उरेल असा हा आक्षेप आहे.

येथे मैत्रीबागेची आठवण होते. १९७२ पासूनच्या या बागेत हिरवळीला माळी आहेत, पाणी आहे, पांढऱ्या वाघांना खाद्य आहे. आणि वाघापासून उत्पन्न किती, असे कोणी विचारीत नाही. विचारूही नये. गाईच्या गवताला मात्र आपले मोल आपणच सिद्ध करावे लागते.

२८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्यास सर्व राज्यांना फर्माविले. अतिक्रमण हटले तरी पहिल्या पावसानंतर ते रान काही महिने बंद ठेवावे लागते. तेव्हाच गवतास बी धरते, आणि बंदी पाळावयाची तर राखणदार हवाच. वर्षाकाठी एका माणसाचे वेतन, थोडी तार, थोडे पाणी, इतकीच ती बाब. आमच्या सहकाऱ्यास हे सांगितले, तेव्हा त्याने विचारले, “पण दरवर्षी?”

त्या खेड्याने यंदा अक्तीला राऊताचे धान जनावरामागे थोडे वाढवून दिले. तुटलेली तार कोणी जोडावयाची, हे मात्र त्या बैठकीत ठरले नाही.