धाब्याची घरं, पांढरीची गावं

'त्यानं सगळे नियम धाब्यावर बसवले' असं आपण किती सहज म्हणतो! पण हे धाबं म्हणजे काय, ठाऊक आहे का? रस्त्यावरचा जेवणाचा ढाबा नव्हे बरं का! धाबं म्हणजे घराचं मातीचं, सपाट छप्पर. ज्या गोष्टीकडे बघायचंच नाही, ती नेऊन छपरावर ठेवायची! या छपराला माळवद असंही म्हणतात. ते पाहायचं असेल, तर चला माझ्याबरोबर अहिल्यानगर जिल्ह्यात. २०२४ पर्यंत याचं नाव अहमदनगर होतं.

क्षेत्रफळानं हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. पश्चिमेला अकोले तालुका, १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईचा. तिथल्या घाटघर, रतनवाडीकडे पाऊस नुसता कोसळतो. पाणी झटकन वाहून जायला हवं, म्हणून तिथली घरं उतरत्या छपरांची. आता पूर्वेकडे निघा. संगमनेर, राहुरी, नेवासे करत पुढे जामखेडपर्यंत या. सह्याद्रीनं ढग अडवलेले, त्यामुळे इकडे पाऊस बेताचाच. नगर शहराच्या वाट्याला वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर. या भागातल्या जुन्या गावांत शिरलात की सपाट धाबी दिसू लागतात. नुसती जुनी छपरं बघून पावसाचा नकाशा काढता येईल!

माळवद करतात कसं? आधी लाकडी खांब उभे करायचे. खांबांवर जाड तुळया, तुळयांवर वासे, वाशांवर फळ्या किंवा काटक्या आणि पाला. त्यावर मातीचा जाड थर पसरून चांगला चोपायचा. थोडासा उतार ठेवून पन्हळ बसवायची, म्हणजे पाणी भिंतीवर न येता दूर पडतं. छपरात उजेडासाठी आणि चुलीच्या धुरासाठी एक भोक ठेवायचं. त्याला कुठे साणं म्हणतात, कुठे सवणं. दोन खांबांमधल्या जागेला म्हणायचं खण. म्हणून तर जुनी माणसं 'आमचं पाच खणांचं घर' असं सांगतात.

भिंती दगडमातीच्या, नाही तर उन्हात वाळवलेल्या मातीच्या भेंड्यांच्या. दोन-दोन, तीन-तीन फूट जाड! दुपारचं ऊन एवढी भिंत ओलांडून आत यायला संध्याकाळ उजाडते. तोवर बाहेर गार वारा सुटलेला असतो आणि घरातली मंडळी अंथरुणं घेऊन माळवदावर झोपायला निघालेली असतात. दिवसा त्याच माळवदावर कुरडया, पापड, मिरच्या वाळायच्या. छपराचं छप्पर, अंगणाचं अंगण!

ही माती येते कुठून? आपल्याकडे शेताला म्हणतात काळी आणि गावाच्या वस्तीला म्हणतात पांढरी. काळी पीक देते, पांढरी घर देते. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी मातीची घरं उभी राहतात, पडतात, त्यांत चुलीची राख मिसळते आणि जमीन पांढुरकी होत जाते. मग तीच माती खणून नवं घर बांधायचं. म्हणजे तुमच्या घराच्या भिंतीत तुमच्या खापरपणजोबांची भिंत असू शकते! श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबादचं असंच एक टेकाड आहे. तिथे उत्खननात साडेतीन हजार वर्षांपूर्वीची मातीची घरं सापडली.

आता गंमत ऐका. अमेरिकेत न्यू मेक्सिको नावाचं राज्य आहे. तिथेही पाऊस कमी आणि ऊन कडक. तिथल्या प्वेब्लो लोकांनी काय केलं असेल? लाकडाचे ओंडके आडवे टाकले, त्यांवर काटक्या पसरल्या, वर माती थापली. हुबेहूब आपलं माळवद! ना त्यांनी आपलं पाहिलं, ना आपण त्यांचं. ऊन आणि पाऊस सारखे, म्हणून उत्तरही सारखं. १५९८ मध्ये स्पॅनिश लोक तिथे वस्तीला आले. प्वेब्लो लोक हातानं मातीचे थर रचत. स्पॅनिशांनी लाकडी साच्यात कच्च्या विटा पाडायची रीत आणली. या विटेला म्हणतात अडोबी. हा शब्द अरबांकडून स्पेनला आणि स्पेनमधून अमेरिकेला गेलेला. दोन्ही रीती मिसळल्या आणि एक नवीच बांधणी तयार झाली.

आपल्याकडेही मिसळण झालीच. नगरचा भुईकोट किल्ला आज दगडी दिसतो, पण १४९० च्या सुमारास मलिक अहमदनं बांधला तेव्हा तो मातीचा होता. १५५९ ते १५६२ च्या दरम्यान हुसेन निजामशाहानं तो दगडात बांधून घेतला. जुन्या गढ्या-वाड्यांत पाहा: खाली घडीव दगड, वर पांढऱ्या मातीची भिंत आणि दारावर महिरपी कमान. माती इथली, कमान दूरदेशची!

पण मातीच्या घराला वर्षातून एकदा माणसाचे हात लागतात. पावसाळ्याआधी भिंती लिंपायच्या, माळवदाची माती सारखी करायची. हा व्याप नको, म्हणून पुष्कळ जण मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करतात. न्यू मेक्सिकोतल्या रांचोस द ताओस गावच्या जुन्या चर्चला १९६७ मध्ये असाच सिमेंटचा गिलावा केला. पाणी आत कोंडलं आणि भिंती आतून कुजू लागल्या. शेवटी गावकऱ्यांनी सिमेंट खरवडून पुन्हा माती लावली. आता दर वर्षी सगळं गाव जमून ते चर्च लिंपतं.

आणि एक दुःखाची गोष्टही सांगायलाच हवी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव भागात हजारो माणसं झोपेतच गेली. तिथली कित्येक घरं दगडमातीच्या भिंतींची आणि माळवदाची होती. वर्षानुवर्षं जुनी माती न काढता नवी टाकत गेल्यामुळे छपरांचं ओझं फार वाढलेलं. मात्र जिथे माळवद नीट जोडलेल्या लाकडी खांबांवर होतं, तिथे काही ठिकाणी भिंती पडल्या तरी छप्पर उभं राहिलं. म्हणजे दोष एकट्या मातीचा नव्हता. ओझ्याचा आणि जोडणीचाही होता.

म्हणून 'मातीची घरं वाईट' असंही म्हणू नका आणि 'जुनं ते सगळं सोनं' असंही म्हणू नका. स्लॅबच्या घरात माळवद गळायची भीती नाही, हे खरंच. पण मे महिन्यात ते किती तापतं, हेही खरंच! येत्या सुट्टीत गावाला गेलात, तर धाब्याचं घर शोधा. त्याचे खण मोजा, पन्हळ शोधा, भरदुपारी भिंतीला हात लावून बघा. आणि माळवदाला माती कशी घालतात, हे आजीला नक्की विचारा. ही विद्या पुस्तकांत फारशी नाही, तिच्या हातांत आहे. ती मात्र धाब्यावर बसवू नका हं!