साठ कार्डांचं दुःख

माणसाला दुःखी करायला काय लागतं? आमच्या सौ.चं म्हणणं, पाहुणे दारात असताना गॅस संपला की पुरे. शास्त्रज्ञांना मात्र साठ कार्डं लागतात. ही माहिती आमच्या कन्येची. ती मानसशास्त्रात एम. ए. करते; त्यामुळे सध्या घरात माणसं राहत नाहीत, नमुने राहतात.

१९६८ साली वेल्टन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं ही युक्ती छापून प्रसिद्ध केली. एकेका कार्डावर एकेक वाक्य. ते वाचायचं आणि तसंच वाटून घ्यायचं. सुरुवातीची वाक्यं साधी, पुढची उदास होत जाणारी. आनंदाचीही अशीच साठ. पण माझ्या वाट्याला दुःखाची आली.

कार्डं कन्येनं स्वतः मराठीत लिहिली होती. मुलीचा अभ्यास म्हटल्यावर बाप काय वाट्टेल ते करतो, दुःखी व्हायला काय जातंय? शेवटी तिनं विचारलं, "बाबा, दहापैकी किती दुःख?" मी सढळ हातानं नऊ लिहिले.

"इथंच घोळ होतो," ती म्हणाली. "प्रयोग करणाऱ्याला काय हवंय ते ओळखून लोक तसंच सांगतात. म्हणून वेल्टननं काहीजणांना नुसतं सोंग करायला लावलं, ताडून बघायला. शिवाय लिहिण्याचा वेग मोजला. खिन्न माणसाचा हात मंदावतो."

मग तिनं माझ्याकडून शंभरापासून उलटे आकडे लिहून घेतले. हात मंदच चालला. पण बत्तीस वर्षं कारकुनी केलेला हात मंद चालायला कार्डं लागत नाहीत, हे तिच्या शास्त्राला कुठलं ठाऊक!

एवढ्यात सौ. भाजी घेऊन आली. तिला प्रयोगाचा पत्ताच नव्हता. पिशवी ठेवता ठेवताच म्हणाली, "अहो, काय झालं? चेहरा का उतरलाय?"

"कुठं काय!" मी म्हणालो. खरं म्हणजे एकेचाळिसावं कार्ड मनातून जात नव्हतं. 'घर रिकामं वाटतं,' एवढंच त्यावर होतं. जूनमध्ये कन्या नोकरीसाठी बंगलोरला जाणार होती. कार्ड तिनं लिहिलं होतं. घर माझं रिकामं होणार होतं.

कन्येनं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच कागद पुन्हा पुढं केला. "बाबा, आता खरं सांगा. दहापैकी किती?"

तिला काय हवंय ते मी ओळखलं. नऊ खोडून दोन लिहिले.