होडीतले बिऱ्हाड

सोलापुरात जन्म काढलेल्या माणसाचा समुद्राशी संबंध येतो तो मिठापुरता! सिद्धेश्वराच्या तळ्याहून मोठे पाणी मी पाहिले ते उजनी धरणाचे; आणि तेच पाणी आमच्या नळाला येई ते तीन-चार दिवसांआड. अशा घरातल्या लेकीने दोन वर्षांपूर्वी गोव्याहून फोनवर सांगितले, "बाबा, आम्ही फ्लॅट घेत नाही. जुनी शिडाची होडी घेतली आहे. तिच्यातच राहणार."

सौ. भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "लोक विचारतील, तर काय सांगायचे? लेकीला घर नाही म्हणून?" एवढेच ती बोलली. पुढे आठ दिवस काहीच बोलली नाही, हे अधिक वाईट.

जावईबापूंनी माझी समजूत पटावी म्हणून दाखले धाडले. गोव्यातल्याच दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेल्या 'म्हादेई' या छप्पन फुटी शिडाच्या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. मी मोठ्या उत्साहाने हे सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "त्यांच्यामागे नौदल होते. आपल्या पोरीमागे कोण?"

प्रश्न बिनतोड होता! मग मी दुसरा दाखला काढला. लिन आणि लॅरी पार्डी हे जोडपे. स्वतःच्या हातांनी त्यांनी जेमतेम चोवीस फुटांची होडी बांधली आणि 1968 साली पाण्यात सोडली. तिला इंजिनच नव्हते. वाटेत इतरांच्या होड्या दुरुस्त करावयाच्या, लेख लिहावयाचे आणि त्यावर संसार चालवावयाचा, अशी वर्षानुवर्षे ती दोघे जगभर हिंडली. सौ.ने हे ऐकून घेतले आणि कडक भाकरीचा डबा भरायला घेतला. "जाऊन तर पाहू," ती म्हणाली.

मांडवीत नांगरलेली ती होडी सव्वीस फूट लांब होती. आत बसायचे बाक, तेच रात्री अंथरूण. शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली; होडी कलली तरी भांडे सरळ राहते. मी लहानपणी गिरणीच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसांत वाढलो. मला काही जागा अपुरी वाटेना.

जमाखर्चाची वही मात्र मी मागून घेतली. होडी फ्लॅटच्या मानाने स्वस्तात पडली, हे खरे. पण ती बसून खाते. उन्हाने शिडे विरतात, दोर झिजतात, तळाला शेवाळ आणि शिंपल्यांचा थर चढतो. किमतीचा दहावा भाग दरवर्षी दुरुस्तीला बाजूला ठेवावा, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. काटकसर होते ती इतरत्र. फ्रीज नाही, कपाट नाही. म्हणून विकत आणून ठेवणेही नाही.

त्या रात्री वारा सुटला. दोर करकरू लागले. मी घाबरून उठलो, तर जावईबापू आधीच वर उभे! काठावरच्या दिव्यांवरून ते होडी सरकते की काय, हे पाहत होते. म्हणाले, "बाबा, नांगर नुसत्या वजनाने धरत नाही. साखळी आडवी ओढली गेली तरच तो चिखलात रुततो. म्हणून पाण्याच्या खोलीच्या चार-पाचपट साखळी सोडायची." घर झोपले तरी चालते, होडीला राखण लागते, हे मला तेव्हा उमगले. माझी झोप उडाली ती उडालीच.

सकाळी लेक तांदूळ धूत होती. पाणी तिने तांब्याने मोजून घेतले. धुवण टाकले नाही. त्यात भाजी धुतली आणि मग तेच पाणी खरकट्या भांड्यांवर घातले. सौ. टक लावून पाहत होती. सोलापूरच्या स्वयंपाकघरात ती स्वतः जन्मभर हेच करीत आली होती.

"टाकी किती दिवसांनी भरता गं?"

"आठ दिवसांनी, आई."

"म्हणजे आमच्यापेक्षा काही फार वेगळे नाही!" ती म्हणाली आणि दोन वर्षांत प्रथमच लेकीजवळ मोकळेपणाने हसली. मग शेंगाचटणीचा डबा उघडला. कडक भाकरी फ्रीजवाचून महिनोन्‌महिने टिकते. आमच्या गावाने खलाशांसाठीच ती शोधून काढली की काय, असे वाटावे!

निघताना सौ.ने विचारले, "आणि पावसाळ्यात?"

"जूनच्या आत होडी काठावर ओढून ठेवायची. पाऊस सरला की तळ खरवडून, रंगवून पुन्हा पाण्यात. मधले महिने आम्ही सोलापूरला येऊ. आमचे काम संगणकावरचे, कुठूनही होते."

"म्हणजे नागपंचमीला माहेरी?"

लेकीने मान हलवली.

आता शेजारच्या काकू विचारतात, तेव्हा सौ. ताठ मानेने सांगते, "आमच्या लेकीची दोन घरे आहेत. एक पाण्यावर आणि एक इथे."